१७ इंची रिम, मराठवाड्याचं ऊन आणि पायलट स्पोर्ट ४

आधी निकाल सांगते. माझ्या स्कोडा ऑक्टेव्हिया १.८ टीएसआय मोटारीला बाहेरून बसवलेले १७ इंची अलॉय रिम आहेत. त्यांच्यावर मी मिशलिन पायलट स्पोर्ट ४ घातले, माप २२५/४५ आर १७ (रुंदी २२५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ४५ टक्के, रिम १७ इंची). ओल्या रस्त्यावर ही गाडी आता जशी थांबते तशी माझ्या हातात आल्यापासून कधी थांबली नव्हती. टायर महाग आहेत, सिमेंटच्या रस्त्यावर थोडा आवाज करतात आणि आरामासाठी बनवलेल्या साध्या टूरिंग टायरपेक्षा लवकर झिजतात. तरीही पैसे योग्य जागी गेले असं मी ठामपणे म्हणते. का म्हणते, ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण बाहेरच्या रिमवर टायर निवडताना टायरच्या आधी बऱ्याच गोष्टी बघाव्या लागतात आणि नेमक्या त्याच दुकानात कोणी बोलत नाही.

गाडी सेकंड हँड घेतली. बनलेली आमच्याच शेंद्र्याच्या कारखान्यात. ताकद १८० पीएस (अश्वशक्तीसारखंच एकक), टॉर्क २५० न्यूटन-मीटर, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला की पुढची दोन चाकं रस्त्याला काय मागतात ते लगेच कळतं. माझं घर छत्रपती संभाजीनगरात, नोकरी वाळूज एमआयडीसीत क्वालिटी विभागात, आणि माहेर नागपूरला. त्यामुळे गाडी रोज शहरातल्या खड्ड्यांतून आणि महिन्यातून एखाद वेळी समृद्धी महामार्गावर चालते. मधूनच सुट्टीला वेरूळ, कन्नडचा घाट, अजिंठ्याची वाट. माझ्या टायरांचं काम एवढं आहे. ट्रॅकवर मी जात नाही आणि जायचंही नाही.

आधीच्या मालकाने मूळ १६ इंची रिम काढून हे १७ इंची बसवले होते. त्यावरचे टायर दिसायला ठीक, नक्षी बरीच शिल्लक. त्यांच्या कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष त्यांच्या वयाचा होता. भिंतीवरचे चार आकडे वाचले तर टायर पाच वर्षांच्या पुढचे निघाले. हे आकडे प्रत्येक टायरवर असतात, लंबगोल चौकटीत: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ लिहिलं असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. टायर उभ्या उभ्याही म्हातारा होतो. उन्हातली गाडी असेल तर रबर कडक होतं, नक्षीच्या मुळाशी बारीक चिरा पडतात. पहिल्या पावसात चौकातल्या सिग्नलला ब्रेक मारला की एबीएसचे (चाकं जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकच्या यंत्रणेचे) धक्के पायाला लागायला लागायचे. त्यात एका खड्ड्याने डाव्या पुढच्या टायरच्या भिंतीला फुगा आणला. आत दोऱ्या तुटल्याशिवाय फुगा येत नाही, आणि फुग्याचा टायर दुरुस्त होत नाही, काहीही सांगितलं तरी होत नाही. एक बदलायचा की चार, हा प्रश्नच उरला नाही.

इथून माझा शोध सुरू झाला, आणि तो मी रिमपासून सुरू केला.

रिमच्या आतल्या बाजूला सगळं कोरलेलं असतं. माझ्या रिमवर १७ x ७.५ जे, ईटी ४५ (चाक किती आत-बाहेर बसतं तो आकडा), पीसीडी ५ x ११२ (पाच बोल्ट, ११२ मिमी व्यासाच्या वर्तुळावर). साडेसात हा रिमचा रुंदीचा आकडा, इंचांत. प्रत्येक टायरच्या मापाला रिमची रुंदी ठरलेली असते: २२५/४५ आर १७ ला सात ते साडेआठ इंच चालतं, आणि टायरचं माप ज्या रिमवर मोजतात तो नेमका साडेसात इंची. म्हणजे हा जोड अगदी मधोमध बसतो. याच रिमवर २०५ चा टायर ओढूनताणून बसवता येतो, पण मग त्याची भिंत रिमपेक्षा आत जाते, रिमची कड उघडी पडते आणि फूटपाथला पहिली तीच घासते. उलट २४५ घातला तर टायर बाहेर फुगतो, वळणावर भिंत लोळते. 'रुंद टायर म्हणजे जास्त पकड' असं म्हणणाऱ्यांनी आधी रिमवरचा आकडा वाचावा.

दुसरं, चाकाची उंची. मूळ टायर २०५/५५ आर १६, त्याचा व्यास साधारण ६३२ मिमी. २२५/४५ आर १७ चा ६३४ मिमी. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी. स्पीडोमीटर, एबीएस, गिअरबॉक्स कोणालाच काही कळत नाही, इतका हा बदल सरळ आहे. म्हणूनच १६ वरून १७ ला जाणाऱ्यांसाठी जगभर हेच माप चालतं. भिंतीची उंची मात्र ११३ वरून १०१ मिमीवर येते. बारा मिमी गेले. १८ इंची रिम आणि २२५/४० घेतला तर भिंत उरते फक्त ९० मिमी. जळगाव रोडवरचे खड्डे ज्यांनी पाहिलेत त्यांना मी एवढंच सांगेन की १७ ही माझी शेवटची पायरी. १८ इंची रिम फोटोत सुंदर दिसतात, पण आपल्या रस्त्यांवर रिम वाकण्याची आणि भिंत फुगण्याची किंमत त्या फोटोत दिसत नाही.

या मापाचा आणखी एक मोठा फायदा आहे आणि तो भारतातच कळतो. १२ जून २०२० ला परदेश व्यापार महासंचालनालयाने नव्या टायरांची आयात 'प्रतिबंधित' यादीत टाकली, म्हणजे प्रत्येक कंपनीला परवाना घ्यावा लागतो. त्याआधीपासून, २०११ पासून, टायरवर आयएसआयची खूण सक्तीची आहेच. परिणाम असा की ज्या मापाला इथे गिऱ्हाईक कमी, ते माप दुकानातून गायब होतं. वेगळे दिसावेत म्हणून लोक चमत्कारिक मापाचे रिम घेतात आणि टायर बदलायची वेळ आली की महिनोन्‌महिने फोन फिरवतात. २२५/४५ आर १७ हे बऱ्याच मोठ्या गाड्यांना कंपनीतूनच येणारं माप आहे, म्हणून निवडायला चार-पाच नावं तरी मिळतात. नवे रिम घेणाऱ्यांनी रिमची डिझाइन बघण्याआधी त्या मापाचे टायर गावात मिळतात का, हे विचारावं. हा माझा या सगळ्यातला सर्वांत कळकळीचा सल्ला आहे.

तिसरं, भार आणि वेगाचं अक्षर. मूळ टायरवर ९१ व्ही होतं: ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, व्ही म्हणजे २४० किमी ताशी. बदललेला टायर यापेक्षा कमी असू नये, वर चालेल. पायलट स्पोर्ट ४ या मापात ९४ वाय, एक्सएल (जास्त भार उचलणारा प्रकार) मिळाला. ९४ म्हणजे ६७० किलो. वाय म्हणजे ३००, ते मला कधीच लागणार नाही. पण वेगाचं अक्षर निव्वळ वेगासाठी नसतं. टायर उष्णता किती सोसतो याचीही ती खूण आहे, आणि मराठवाड्यात-विदर्भात राहणाऱ्या माणसासाठी उष्णता हाच खरा विषय आहे.

समृद्धीवर मोटारीला १२० ची मर्यादा आहे. त्या वेगाला माझ्या मापाचा टायर मिनिटाला हजार फेऱ्या मारतो. प्रत्येक फेरीत रस्त्याला टेकणारा भाग दबतो आणि परत सुटतो. मिनिटाला हजार वेळा वाकणं. हवा कमी असेल तर तो जास्त वाकतो, जास्त तापतो, आणि आतल्या थरांची पकड सुटायला लागते. मे महिन्यात नागपूरकडे ४४-४५ डिग्री, खाली तापलेलं सिमेंट, गाडीत पाच माणसं आणि डिकीत सामान. टायर फुटल्याच्या बातम्या आपण वाचतो त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा घासलेला, म्हातारा किंवा कमी हवेचा टायर असतो. परिवहन विभागाने समृद्धीच्या नाक्यांवर गोटा झालेल्या टायरांच्या गाड्या अडवायला सुरुवात केली ती यासाठीच.

आणि इथेच आपल्याकडचा तो समज येतो: उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो. हवा भरणारा मुलगाही हेच सांगतो, शेजारचे काकाही. हे उलट आहे. हवेचा दाब सकाळी, टायर थंड असताना मोजायचा आणि भरायचा. दर पाच-सहा डिग्रीला साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) वाढतो. सकाळी ३५ भरलेला दाब दुपारी पळत्या गाडीत चाळिशीला जातो, आणि टायर बनवणाऱ्यांनी ते धरलेलंच असतं. एक्सएल टायरच्या भिंतीवर कमाल दाब सहसा ५० पीएसआय छापलेला असतो. तापलेल्या टायरातून हवा सोडली तर रात्री तोच टायर २९-३० वर येतो आणि दुसऱ्या दिवशी सगळा प्रवास कमी हवेवर होतो. कृपया हे करू नका. एक्सएल टायरला तर उलट थोडी जास्तच लागते, कारण तो ६७० किलो उचलतो ते जास्त दाबाला. मी पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेल्या तक्त्यापेक्षा दोन पीएसआय वर ठेवते. नायट्रोजनचं विचाराल तर साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फायदा असलाच तर तो कोरडेपणाचा. फुकट मिळाला तर घ्यावा, त्यासाठी रांग लावू नये.

आता टायरचं नाव. माझ्यासमोर खरे पर्याय असे होते: मिशलिनचेच प्रायमसी ४ एसटी, कॉन्टिनेंटलचे मॅक्सकॉन्टॅक्ट आणि अल्ट्राकॉन्टॅक्ट, योकोहामाचा ॲडव्हान फ्लेव्हा, अपोलोचा व्रेडेस्टाइन अल्ट्राक व्हॉर्टी, आणि पायलट स्पोर्ट ४. व्रेडेस्टाइन मूळ नेदरलँड्सची कंपनी, २००९ मध्ये अपोलोने घेतली आणि आता तिचे टायर आपल्याकडे बनतात. वाळूजमध्येच गुडइअरचा कारखाना आहे, त्यामुळे तिथलंही एक नाव घरून सुचवलं गेलं. मन तिकडे ओढलं जाणं साहजिक होतं, पण मला गाडीच्या स्वभावाला जुळणारं रबर हवं होतं.

प्रायमसी आणि पायलट स्पोर्ट यांच्यात मी सर्वांत जास्त अडकले. प्रायमसी शांत, टिकाऊ, आरामशीर. वडिलांच्या गाडीला मी डोळे झाकून तोच घेतला असता. पण १८० पीएसची पुढून ओढणारी गाडी ओल्या रस्त्यावर वळणातून बाहेर पडताना पुढच्या टायरांकडून एकाच वेळी दोन कामं मागते: वळणं आणि ओढणं. तिथे मला मऊ रबर आणि ताठ भिंत हवी होती.

दुकानात सगळेच 'पकड मस्त आहे' म्हणतात. त्यावर उपाय म्हणजे टायरच्या भिंतीवरचे अमेरिकी मानकाचे तीन शब्द वाचणं. ट्रेडवेअर, ट्रॅक्शन, टेम्परेचर. पायलट स्पोर्ट ४ वर ३२०, एए, ए. पहिला आकडा झिजण्याचा, जास्त तितका टिकाऊ. पण तो कंपनी स्वतःच देते, म्हणून एका कंपनीच्या दोन टायरांत तुलना करायला तो चांगला, दोन कंपन्यांत नाही. ट्रॅक्शन म्हणजे ओल्या डांबरावर आणि ओल्या सिमेंटवर सरळ रेषेत ब्रेक मारल्यावरची पकड, आणि एए ही त्यातली सर्वांत वरची श्रेणी. वळणावरची पकड त्यात मोजत नाहीत, हे लक्षात ठेवायचं. टेम्परेचर ए म्हणजे उष्णता सोसण्याची वरची श्रेणी. आमच्या भागात बी किंवा सी श्रेणीचा टायर मी समृद्धीवर नेणार नाही, किंमत कितीही कमी असली तरी.

पायलट स्पोर्ट ४ २०१६ साली आला. त्याच सुमारास मिशलिन फॉर्म्युला ई या विजेच्या गाड्यांच्या शर्यतीला टायर पुरवत होती, आणि तिथे एकाच नक्षीचा टायर कोरड्या-ओल्या दोन्हीसाठी वापरत होते. तो धागा या टायरमध्ये दिसतो. आत अरामिड (एक फार मजबूत धागा) आणि नायलॉन एकत्र विणलेला पट्टा आहे. वेगाने फिरताना टायर मधोमध फुगू पाहतो, त्याला तो आवळून धरतो, म्हणून रस्त्याला टेकणारा भाग सपाट राहतो. २०२२ मध्ये पायलट स्पोर्ट ५ आला, पण माझ्या मापात ताज्या तारखेचा ४ समोर होता आणि मी तो सोडला नाही.

किंमत: एक टायर पाच आकड्यांत, चारही बसवून, बॅलन्सिंग-अलाइनमेंट धरून बिल साठ हजारांच्या आत. मूळ १६ इंची मापाचे चांगले टूरिंग टायर याच्या जवळपास निम्म्यात येतात. हा हिशेब रिम घेतानाच करायला हवा, कारण रिम एकदाच घेतात, टायर दर चार-पाच वर्षांनी.

दुकानाबद्दल दोन शब्द. जालना रोडवरच्या ज्या दुकानात मी बसवले तिथले चाचा तीस-चाळीस वर्षं हेच काम करतात. मी आधीच सांगितलं, तारखेचा आकडा बघितल्याशिवाय टायर रिमवर चढू द्यायचा नाही. ते रागावले नाहीत. "बघा ना ताई, चारही बघा, तुमच्याच पैशाचे आहेत," म्हणाले आणि चारही आडवे करून दिले. एका दुसऱ्या ठिकाणी, नाव सांगत नाही, 'आकडे बघून काय करणार मॅडम, माल बंद पॅकेटातला आहे' असं ऐकून मी बाहेर पडले होते. जो दुकानदार तारीख वाचू देत नाही त्याच्याकडे टायर घेऊ नये.

चाचांनी एक गोष्ट पकडली ती सोन्यासारखी. माझी गाडी नव्वद-शंभरच्या वेगाला स्टिअरिंगमध्ये थरथरायची. दोनदा बॅलन्सिंग करूनही जात नव्हतं. रिम काढल्यावर त्यांनी मधल्या भोकात बोट फिरवलं. फोक्सवॅगन-स्कोडाच्या हबचा (ज्यावर चाक बसतं त्या मधल्या भागाचा) व्यास ५७.१ मिमी. बाहेरचे रिम बऱ्याच गाड्यांना चालावेत म्हणून त्यांचं भोक मोठं ठेवतात, आणि मधली फट भरायला एक कडी घालावी लागते. माझ्या चारपैकी दोन चाकांत ती कडीच नव्हती. चाक फक्त बोल्टांवर लटकत होतं, मधोमध बसतच नव्हतं. कडी काही शे रुपयांची. ती घातली, थरथर गेली. बाहेरचे रिम असलेल्या प्रत्येकाने टायर बदलताना हे एकदा बघून घ्यावं, कारण बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक वेगळ्या शंकूवर बसतं, तिथे हा दोष दिसतच नाही.

तसंच बोल्टचं. कंपनीच्या रिमला गोल बैठकीचे बोल्ट असतात, बाहेरच्या बहुतेक रिमला शंकूच्या बैठकीचे लागतात. दोन्हींचे आटे सारखेच, एम १४ x १.५, म्हणून चुकीचा बोल्टही आत जातो आणि घट्ट झाल्यासारखा वाटतो. पण तो रिमवर कडेकडेनेच टेकलेला असतो आणि सैल होतो. माझी स्टेपनी मूळ १६ इंची रिमवर आहे. व्यास जवळपास सारखा, त्यामुळे अडीनडीला चालते, पण तिला गोल बैठकीचेच बोल्ट हवेत. ते पाच बोल्ट डिकीत जॅकच्या शेजारी कापडी पिशवीत ठेवलेले आहेत. तुमच्या गाडीत ते आहेत का, हे रात्री अडीच वाजता लोणारच्या आसपास पंक्चर झाल्यावर शोधण्यापेक्षा आज बघा. घट्ट करताना टॉर्क रेंच (किती जोर लावला ते मोजणारा पाना), १२० न्यूटन-मीटर. इम्पॅक्ट गनने ठोकून दिलेलं मला चालत नाही, आमच्या कारखान्यात चाललं नसतं तसंच इथेही नाही. शंभरेक किलोमीटर गेल्यावर परत एकदा तपासून घेतले.

हा टायर असममित नक्षीचा आहे, भिंतीवर 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेरच यायला हवी. बसवणाऱ्यावर सोडू नका, गाडी खाली उतरण्याआधी चारही बाजूंनी चालत फिरा आणि वाचा. बॅलन्सिंगची वजनं आतून चिकटवून घेतली, बाहेरच्या कडेला क्लिप मारली की अलॉय खराब होतं. नवे व्हॉल्व्ह घातले. अलाइनमेंट चारही चाकांची.

आता रस्त्यावरचं. नव्या टायरला साच्यातून सुटण्यासाठी लावलेला थर असतो, म्हणून पहिले काही शे किलोमीटर सांभाळून चालवली. त्यानंतर पहिला खरा पाऊस लागला तो दौलताबादच्या घाटात. आमच्याकडचा पहिला पाऊस कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको: उन्हाळाभरची धूळ, गळलेलं तेल आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून आणलेली काळी माती. काळी माती ओली झाली की डांबरावर साबण पसरल्यासारखी होते. जुन्या टायरांवर अशा वेळी स्टिअरिंग एकदम हलकं व्हायचं, म्हणजे पुढचं चाक सुटलंय. या टायरांवर स्टिअरिंगचं वजन हातात राहतं. आणि पकड सुटायला आली तर टायर आधी सांगतो, हळूहळू सांगतो. मला या टायरची सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट हीच आहे. ब्रेक मारल्यावर पुढचं नाक सरळ बसतं, एबीएस उशिरा जागं होतं. चिखलाचा थरच जाड असेल तर मात्र हाही टायर काही करू शकत नाही. तो रस्त्याचा टायर आहे, शेताचा नाही.

साचलेल्या पाण्याचं वेगळं सांगायला हवं, कारण इथे रुंद टायरचा तोटा आहे. २०५ पेक्षा २२५ ला बाजूला ढकलायचं पाणी जास्त असतं, म्हणून तो पाण्यावर लवकर तरंगू पाहतो. विमानांच्या चाकांवर नासाने केलेल्या अभ्यासातून एक ढोबळ सूत्र निघालं आहे: नक्षी उपसू शकणार नाही एवढं पाणी असेल तर टायर कोणत्या वेगाला तरंगेल, हे मुख्यतः हवेच्या दाबावर ठरतं. त्या हिशेबाने ३५ पीएसआयला साधारण ९८ किमी, २५ पीएसआयला ८३. मोटारीच्या टायरला हे तंतोतंत लागू होत नाही, पण दिशा बरोबर आहे: कमी हवेचा टायर लवकर तरंगतो. समृद्धीवर मुसळधार पावसात दुभाजकाच्या कडेला पाण्याचे पट्टे साचतात. पायलट स्पोर्ट ४ चे मधले रुंद चर ते पाणी चांगलं उपसतात, आवाज बदलतो पण गाडी रेषेवर राहते. तरीही अशा पावसात मी ८० च्या वर जात नाही. टायर चांगला आहे म्हणून वेग वाढवायचा असेल तर तो घेण्याचा अर्थच गेला.

कोरड्या रस्त्यावर काय सांगू? वळणात गाडी जिथे दाखवाल तिथे जाते, कन्नडच्या घाटात उतरताना एक वेगळाच विश्वास येतो. भिंत ताठ असल्यामुळे स्टिअरिंग हलवलं की नाक लगेच वळतं. दुसऱ्या बाजूने, रंबलिंगचे पट्टे आणि बारीक खड्डे आसनापर्यंत जास्त पोचतात. आईला पाठीचा त्रास आहे आणि तिने पहिल्याच दिवशी 'गाडी कडक झाली' म्हटलं. मूळ १६ इंची चाकांवर ती नक्कीच मऊ होती. समृद्धीच्या सिमेंटवर आडव्या रेघा आहेत, त्यावर शंभरच्या पुढे एक सलग गुणगुण येते. गाणी लावली की जाणवत नाही, झोपलेल्या मुलाला मात्र जाणवते. इंधनही थोडं जास्त जातं, पण टाकीमागे त्रास होईल इतकं नाही.

झिजण्याचं मी स्वतः मोजते, खोली मोजायचा डेप्थ गेज आमच्या घरात कायमच असतो. पुढची नक्षी मागच्यापेक्षा जलद उतरते आहे, पुढून ओढणाऱ्या गाडीत ते होणारच, म्हणून पुढचे मागे आणि मागचे पुढे नेमाने फिरवते. नक्षीच्या चरात १.६ मिमीवर उंचवटे असतात, तिथे टायर कायद्याने संपला. पावसासाठी मी ३ मिमीलाच संपला धरते, कारण शेवटच्या दीड मिमीत पाणी उपसायची ताकद झपाट्याने जाते. जूनच्या आधी मोजायचं, आणि तीनच्या खाली असेल तर पावसाळा त्यावर काढायचा नाही.

हे टायर कोणी घेऊ नयेत? ज्यांची गाडी शहरातच फिरते, ज्यांचं इंजिन साधं आहे, ज्यांना वर्षाला खूप अंतर कापायचं आहे, त्यांनी प्रायमसी किंवा तत्सम टूरिंग टायर घ्यावा, पैसेही वाचतील आणि पाठही. ज्यांच्या रिमची रुंदी सातपेक्षा कमी आहे त्यांनी २२५ च्या वाटेलाच जाऊ नये. आणि ज्यांना टायर स्वस्तात हवेत म्हणून जुन्या तारखेचा माल सवलतीत मिळतोय, त्यांनी ती सवलत सोडून द्यावी.

माझा पुढचा जोड याच मापात असेल. तोपर्यंत पायलट स्पोर्ट ५ ताज्या तारखेचा मिळाला तर तो, नाही तर कॉन्टिनेंटलचा मॅक्सकॉन्टॅक्ट एकदा बघायची इच्छा आहे. चाचांना मी एप्रिलमध्येच सांगून ठेवणार आहे, कारण मे संपला की सगळं शहर टायरच्या दुकानात असतं आणि हव्या त्या तारखेचे चार एकत्र मिळत नाहीत.